जुनी आठशे गरम झाली की बंद पडते आणि अ‍ॅव्हरेजपण देत नाही? कार्बोरेटर खोलायच्या आधी हे बघा

मंडळी, ज्यांच्याकडे अजून कार्बोरेटरवाली मारुती ८०० नाहीतर ओम्नी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. आमची गाडी १९९४ ची, अण्णांनी नवी घेतलेली, पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग करून अजून चालवतो. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा भाग, त्यातला पॉइंट हा छोटा स्विच, तो उघडला की ठिणगी पडते), हाताने ओढायचा चोक (थंड इंजिनसाठी हवा कमी करणारी पट्टी). दीड वर्ष मी एकाच दुखण्याच्या मागे होतो आणि त्यात कार्बोरेटर तीनदा खोलून झाला, जेट (त्यातली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलून झाले, फ्युएल पंपाचं किट टाकून झालं, आणि शेवटी कळलं की मूळ दुखणं पेट्रोलच्या बाजूला नव्हतंच, जवळपास सगळं करंटच्या बाजूला होतं. हे दुखणं बऱ्याच जुन्या गाड्यांना असतं आणि जवळपास सगळीकडे उपाय कार्बोरेटरपासूनच सुरू होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी लक्षणं. सकाळी गाडी चोक ओढून पहिल्या सेल्फला चालू व्हायची. वीस पंचवीस किलोमीटर काहीच तक्रार नाही. मग हळूहळू मिसिंग (मधेमधे सिलेंडर न पेटणं) सुरू, चौथ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झटके, आणि घाट लागला की बंद. आम्ही कराडला राहतो, गाव चिपळूणजवळ, म्हणजे कुंभार्ली घाटाला पर्याय नाही. चिपळूणहून येताना पोफळी सोडली, चढ सुरू झाला की दुसऱ्या तिसऱ्या वळणावर गाडी जीव सोडायची. बाजूला घेऊन बॉनेट उघडायचं, वीस मिनिटं थांबायचं, सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी चालू. आणि अ‍ॅव्हरेज, जे पूर्वी हायवेला १७ च्या आसपास असायचं ते ११ वर आलेलं.

आता गाडी गरम होऊन बंद पडते आणि थंड झाली की चालू होते असं म्हटलं की समोरचा माणूस डोळे झाकून सांगतो, व्हेपर लॉक. म्हणजे उष्णतेने पंपात नाहीतर पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. हे खरंच होतं, मे महिन्यात तर होतंच. त्यावरचा उपायपण सगळ्यांना माहीत आहे, पंपावर ओलं फडकं टाका. मी पण टाकायचो आणि गाडी चालू व्हायची, त्यामुळे माझी खात्रीच पटली होती की व्हेपर लॉकच आहे. पण नीट विचार करा, फडकं ओलं करून टाकेपर्यंत आणि गार होईपर्यंत वीस मिनिटं जातातच, आणि त्या वीस मिनिटात फक्त पंप गार होत नाही, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) गार होते, कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून जोडलेला छोटा भाग) गार होतो, सगळंच गार होतं. गुण फडक्याचा की वेळेचा हे कळायला मार्गच नाही. दीड वर्ष मी इथेच अडकलो होतो.

म्हणून पहिली गोष्ट, गरम होऊन बंद पडणारी गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन मिनिटात तपासायची, गार होऊन चालू झाल्यावर काही सापडत नाही. गॅरेजला नेल्यावर ती अगदी शहाण्यासारखी चालते, आणि मग मिस्त्री बिचारा अंदाजाने पार्ट बदलत बसतो, त्याचा तरी काय दोष.

मला पहिला धागा मिळाला तो पीयूसीच्या चिठ्ठीत. ती चिठ्ठी आपण काढतो, ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो आणि पोलिसाने विचारल्याशिवाय बघत नाही. तिच्यावर दोन आकडे असतात, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल). मार्च २००० च्या आधी बनलेल्या पेट्रोल गाडीला सीओ ३ टक्क्यांपर्यंत आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत चालतं, म्हणजे मर्यादा इतकी सैल आहे की गाडी आजारी असली तरी पास होते. पण पास झाली की नाही हे सोडून आकडे वाचा. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, मिक्स्चर रिच, तिथे कार्बोरेटर, चोक, फ्लोट, एअर फिल्टर बघायचं. सीओ कमी आणि एचसी मात्र भरमसाट, म्हणजे पेट्रोल सिलेंडरमध्ये जातंय पण न जळताच बाहेर येतंय, तिथे आधी ठिणगी बघायची. माझ्या चिठ्ठीवर सीओ ०.८ आणि एचसी १२४० होतं. आधीच्या चिठ्ठीवरपण तसंच. म्हणजे ज्या काळात मी कार्बोरेटर तीनदा साफ करून घेतला त्या सगळ्या काळात गाडी चिठ्ठीवर लिहून देत होती की मिक्स्चर ठीक आहे, ठिणगी बघा.

उलट उदाहरण माझ्या आतेभावाच्या ओम्नीचं. तिचं सीओ २.६ आलेलं, तिन्ही प्लग काजळी धरल्यासारखे काळे कोरडे. डॅशबोर्डवरचा चोकचा नॉब पूर्ण आत होता, पण एअर फिल्टरचं झाकण काढून बघितलं तर कार्बोरेटरच्या तोंडावरची पट्टी पाव हिस्सा बंदच. केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमधून सरकलेलं, त्यामुळे नॉब आत गेला तरी पट्टी उघडत नव्हती. क्लिप घट्ट केली, पाच मिनिटांचं काम, एक रुपया खर्च नाही. त्यामुळे चोक नॉबवरून कधीच ठरवू नका, डोळ्याने पट्टी बघा.

प्लगचं थोडक्यात सांगतो. वीस तीस किलोमीटर चालवल्यावर काढायचे, इंजिन थोडं कोमट झाल्यावर, घरासमोर दहा मिनिटं नुसती चालू ठेवून काढले तर सगळेच काळे दिसतात. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर छान, काळी कोरडी काजळी म्हणजे रिच किंवा ठिणगी कमजोर, ओला तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय आणि मग हा लेख तुमच्या कामाचा नाही, इंजिनच बघावं लागेल. एकदम पांढरा म्हणजे लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा कुठूनतरी फालतू हवा ओढतेय. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ते अंतर, माझ्या गाडीला ०.७ ते ०.८ मिमी ठेवतो, फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने), नजरेने नाही. तारा काढायच्या आधी प्रत्येकीवर नंबर टाका, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-२ आहे, दोन तारांची अदलाबदल झाली की गाडी फटफट करते आणि मग माणूस दुसरंच काहीतरी शोधत बसतो.

आता खरी तपासणी. मे महिन्यात गावाहून निघालो, डिकीत आंब्याच्या पेट्या, मागे आई आणि मुलं, आणि यावेळी मी तयारीने होतो. मल्टिमीटर, एक जुना चांगला प्लग, रबरी मुठीची पक्कड. पोफळीच्या वर नेहमीच्या जागी गाडी बंद पडली. मागच्या चाकांना दगड लावले, मुलांना कठड्याच्या आत सावलीला बसवलं आणि लगेच बॉनेट उघडलं. पहिलं काम, एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताने ओढली. आत पेट्रोलची बारीक धार सुटली, स्वच्छ, दोनदा ओढली दोनदा सुटली. म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे. तिथेच व्हेपर लॉकची गोष्ट संपली, कारण व्हेपर लॉकमध्ये ती धार येत नाही, नाहीतर थुंकल्यासारखी अडखळत येते.

झाकण परत लावलं, आणि हे विसरू नका, उघड्या कार्बोरेटरजवळ ठिणगी पाडायची नाही. मग डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधली कॉइलची तार काढली, तिला तो जुना प्लग लावला, प्लगचं लोखंड इंजिनच्या मोकळ्या लोखंडाला पक्कं टेकवलं, कार्बोरेटरपासून लांब, आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. चांगली ठिणगी निळी, जाड, टच टच आवाज करणारी असते, दुपारीसुद्धा ऐकू येते. इथे केसासारखी पिवळी ठिणगी, तीपण चार वेळा फिरलं की एकदा. हात लावायला गेलो तर कॉइल इतकी तापलेली की बोट ठेववेना. मीटर लावला. घरी गार असताना कॉइलची प्रायमरी (जाड तारेची गुंडाळी) ३ ओहमच्या आसपास आणि सेकंडरी (बारीक तारेची) १० हजारांच्या आसपास आलेली, ती लिहून ठेवली होती. आता प्रायमरी तीच, पण सेकंडरीचा आकडा स्थिरच होईना, मधेच एकदम ओपन, म्हणजे जोडणीच नाही असं, दाखवायचा. म्हणजे आतली बारीक तार कुठेतरी तुटलेली, गार असताना टोकं एकमेकांना टेकतात, तापलं की फुगून सुटतात. वीस मिनिटांनी परत मीटर लावला, पुन्हा १० हजार. तिथे रस्त्याच्या कडेला उभं राहून मला इतकं बरं वाटलं, म्हटलं आता तरी रोग सापडला.

नवी कॉइल घेताना एक काळजी घ्या. काही कॉइलना बाहेर वेगळा रेझिस्टर असतो, त्यांची प्रायमरी निम्म्याच्या आसपास असते. तसली कॉइल रेझिस्टर नसलेल्या गाडीला लावली तर चालते, पण करंट जास्त ओढते आणि पॉइंट जाळते. तुमच्याकडे होती तशाच जातीची घ्या. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसू नका, पॉइंट मिटलेल्या जागेवर थांबले असतील तर कॉइलमधून सतत करंट जात राहतो आणि ती तापून खराब होते. माझी अशीच गेली असणार असा माझा अंदाज आहे, कारण मुलं गाडीत चावी लावून बसायची.

कॉइल बदलल्यावर घाटात बंद पडणं थांबलं, पण अ‍ॅव्हरेज टाकी फुल करून मोजलं तर ११.२ वरून १२.९ झालं, बस. इथे बरेच लोक थांबतात आणि जुनी गाडी आहे, एवढंच देणार असं म्हणतात. मला ते पटलं नाही. मोजायची पद्धत एकच, त्याच पंपावर, नोझल आपोआप कट होईपर्यंत भरायचं, वरून टुक टुक करत अजून घालायचं नाही, अडीचशे तीनशे किलोमीटर चालवायचं आणि परत तसंच भरायचं. पाचशेचं टाकून काट्यावरून अंदाज करण्यात काही अर्थ नाही. जमलं तर मोबाइलच्या जीपीएसशी किलोमीटरपण ताडून बघा, टायर वेगळ्या मापाचे असले तर मीटरच चुकतो.

मग डिस्ट्रिब्युटर उघडलं. कॅपच्या आतल्या बाजूला दोन खांबांच्या मधे पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती, नखाने गेली नाही. ही रेघ म्हणजे करंटने स्वतःसाठी केलेली चोरवाट, पावसाळ्यात दमट हवेत ठिणगी प्लगला न जाता तिथूनच पळते. अशी कॅप घासून वापरू नका, बदला. तारांसाठी सोपी परीक्षा, रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि तारांवर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा, गळकी तार असेल तिथे निळे धागे नाचताना दिसतात. हात लावू नका, झटका चांगलाच बसतो.

पॉइंट बघितले तर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झालेला, हे बहुतेक वेळा कंडेन्सर कमजोर असल्याचं लक्षण, म्हणून पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनेच टाकले. बाजारात कंडेन्सर फार हलके येतात, जुना चालू असेल तर फेकू नका, डिकीत ठेवा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॉइंटची टाच, जी कॅमवर घासत असते, ती झिजून गॅप अर्ध्यावर आलेला. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो, म्हणजे टायमिंग, ठिणगी पडायची वेळ, आपोआप मागे जातं. हे एका दिवसात होत नाही, हजारो किलोमीटरमध्ये हळूहळू होतं, त्यामुळे गाडी ढिली झालीय हे चालवणाऱ्याला कळतच नाही, पाय तेवढा जास्त दाबला जातो. माझ्या गाडीला गॅप ०.४ ते ०.५ मिमी. आधी गॅप, मग टायमिंग, हा क्रम उलटा केला तर केलेलं टायमिंग गॅप लावताना परत हलतं. टायमिंग लाइटने बघताना व्हॅक्युमची नळी (कार्बोरेटरकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी) काढून तिचं तोंड बंद करायचं.

आणि आता ती वस्तू जिच्याकडे कुणीच बघत नाही, डिस्ट्रिब्युटरच्या कुशीला लागलेली छोटी पत्र्याची डबी, व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स. एकसारख्या वेगाने, हलक्या पायाने जाताना सिलेंडरमध्ये मिक्स्चर कमी भरतं आणि विरळ मिक्स्चर सावकाश जळतं, म्हणून ठिणगी थोडी लवकर पडायला पाहिजे. ते काम ही डबी करते, आत एक पातळ रबरी पडदा असतो, इंजिनच्या ओढीने तो पॉइंटची प्लेट सरकवतो. पडदा फाटला तर गाडी चालू होते, घाटपण चढते, आयडलिंगलाही फारसं कळत नाही, पण हायवेवर ठिणगी कायम उशिरा, जळायचं काम अर्धं सायलेन्सरमध्ये, आणि पेट्रोलचे पैसे गेले. तपासायला काही लागत नाही. कॅप काढा, कार्बोरेटरकडून नळी सोडवा, पुसून तोंडात धरा आणि ओढून जिभेने तोंड बंद करा. प्लेट सरकून तिथेच थांबली, जीभ नळीला चिकटून राहिली तर ठीक. माझ्यात नुसती हवाच येत होती, कितीही ओढा. त्याच वेळी रोटर (कॅपखाली फिरणारा, करंट वाटणारा तुकडा) हाताने थोडा फिरवून सोडा, स्प्रिंगने खटकन जागेवर आला पाहिजे, माझा आळसावल्यासारखा यायचा, खालचं जुनं ग्रीस सुकून डांबर झालेलं. साफ केलं, डबी दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरची मिळाली ती लावली, टायमिंग केलं. पुढची टाकी १५.४.

राहिलं होतं ते थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला न जाऊ देणारी झडप. काही वर्षांपूर्वी गाडी एकदा तापली होती तेव्हा गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकला होता, आपल्याकडे गरम हवा, याची गरज नाही म्हणून. हे आपल्याकडे सर्रास करतात आणि मला याचा खरंच राग येतो. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं, इंजिन गरम व्हायला कितीतरी वेळ लागतो, तोवर चोक ओढलेला, आणि थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ न होता ते भिंतींना चिकटतं. कराडला डिसेंबरच्या सकाळी काटा पाव रेघेच्या वर जातच नव्हता. नवा आणला, ८२ डिग्रीचा, लावायच्या आधी जुन्या पातेल्यात पाण्यात टाकून गॅसवर ठेवला, उकळी यायच्या आधी उघडायला लागला, म्हणजे चांगला. तुमची गाडी तापत असेल तर रेडिएटर, फॅन, फॅनचा स्विच बघा, थर्मोस्टॅट काढणं हा उपाय नाही.

आणखी एक तपासणी फुकटातली. सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये गाडी एका हाताने ढकलून बघा. जड वाटली तर कुठलंतरी ब्रेक धरतंय, पाच दहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरत चालवून चाकांजवळ हात न्या, जे जास्त तापलेलं ते दोषी. टायरमधली हवा तर सगळ्यांना माहीत आहे.

इथेनॉलबद्दल विचारणारे खूप असतील. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीपासून आणि उसाच्या रसापासून बनणारं इथेनॉलही त्यात आलं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. हिशोब केला तर सहा सात टक्के फरक पडतो, म्हणजे १७ ची १६ होईल, ११ होणार नाही. पण जुन्या रबरी नळ्यांना ते चांगलं नाही आणि ते पाणी ओढून घेतं, म्हणून मी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या बदलल्या, जुनी नळी वाकवली तर तडे दिसत होते. पेट्रोलची नळी इंजिनवर गळली तर आग लागते, अ‍ॅव्हरेजचं सोडा, हे काम पुढे ढकलू नका. गाडी महिनोन्महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

थर्मोस्टॅट आणि नळ्यांनंतर कराड चिपळूण जाऊन येऊन मोजलं, घाटासकट १६.३. पीयूसी परत काढली, एचसी १२४० वरून ३१० वर आलं, सीओ ०.९. तीनही वेळा साफ केलेला कार्बोरेटर तोच आहे, जेट मात्र परत मूळ मापाचे टाकले कारण मधल्या प्रयोगात कुणीतरी मोठे टाकले होते, तुमच्याकडेपण तसं झालं असेल तर जेटवरचा नंबर बघून घ्या.

सध्या एवढंच राहिलंय की मुसळधार पावसात रात्रभर उघड्यावर राहिली तर सकाळी दोन सेल्फ जास्त लागतात. तारांच्या टोकाचे रबरी बूट कडक झालेत, ते या आठवड्यात बदलतोय. कुणाला व्हॅक्युमची डबी मिळत नसेल तर डिस्ट्रिब्युटरचा फोटो आणि पीयूसीचे दोन्ही आकडे टाका, बघून सांगतो.